कोकणकड्यावरची रहस्यकादंबरी अडकलीये, नळीच्या वाटेने गेलेल्यांनी प्लीज मदत करा

दवबिंदू:
नमस्कार मंडळी,
माझी तिसरी रहस्यकादंबरी गेलं दीड वर्ष चालू आहे. आधीच्या दोन्ही डोंबिवलीत घडतात, तिथला जिना न् जिना माहितीचा, त्यामुळे कुठे अडलं नाही. ही हरिश्चंद्रगडावर, त्याच्या पश्चिमेच्या कोकणकड्यापाशी घडते. पहिला खर्डा घरी बसून नकाशे आणि फोटो बघून लिहिला, त्यात माझी माणसं रात्री केदारेश्वराच्या गुहेत झोपली होती. मग नोव्हेंबरात स्वतः गेले तर गुहेत कमरेएवढं बर्फगार पाणी, मधोमध पिंड आणि चार खांबांपैकी एकच धड उभा. तिथे झोपणार कुठे? त्याच दिवशी ठरवलं की जे पायांनी बघितलं नाही ते लिहायचं नाही.

तेव्हापासून तीनदा गड झाला, मधे नाणेघाट आणि रतनगडही झाले. कल्याणहून पहाटेची एसटी, खुबी फाट्याला उतरायचं, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत छोटी वही आणि पेन्सिल, कारण धुक्यात पेनाची शाई फुटते. घरी आले की रोज पहाटे ५ ते ७ लिहायचं, मग ऑफिस.

आता अडचण. भाद्रपदातली रात्र, आठ जणांचा ग्रुप गडावर मुक्कामाला. पहाटे एक जण गायब, नंतर कड्याखाली सापडतो. ज्याच्यावर संशय आहे तो रात्री ९ ला बेलपाड्यात जेवताना सगळ्यांना दिसलाय आणि सकाळी ९ ला परत तिथेच चहा पिताना. बेलपाडा म्हणजे बरोब्बर कड्याच्या पायथ्याशी. मी त्याला रात्रीतून नळीच्या वाटेने, म्हणजे बेलपाड्याहून घळीतून थेट वर जाणाऱ्या वाटेने, चढवून उतरवलाय. हे जमेल का? ती वाट मी केलेली नाही, आणि माझ्या गुडघ्यांना ती झेपणारही नाही.

कातळवेडा:
ताई, नाही जमणार. नळी मी दोनदा केलीये, दोन्ही वेळा हिवाळ्यात, दोराचं सामान घेऊन, आणि बेलपाड्याहून माथ्यावर पोचायला आख्खा दिवस गेला. भाद्रपदात तर ती वाट म्हणजे पाण्याचीच नळी असते, वरून दगड सुटत असतात, कातळ शेवाळलेला, तिथे रात्री एकटा माणूस गेला तर तुमच्या कादंबरीत दोन मयत होतील. प्लीज असं लिहू नका, कोणीतरी वाचून जाईल.

पण त्याला नळीची गरजच काय? बेलपाड्याहून बाईक काढायची, माळशेज घाट चढून खुबी फाटा, तिथून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, तास-सव्वातासाचं काम. मग टोलार खिंडीतून गड. सराव असलेला माणूस चार तासांत वर, तीनात खाली, परत सव्वा तास बाईक. साडेनऊ तासांत खेळ आटोपतो. तुम्हाला किती वेळ लागला होता?

दवबिंदू:
मला साडेपाच तास, थांबत थांबत. बापरे, ही वाट मी तीनदा चालले आणि डोक्यातच आली नाही, कारण नकाशावर बेलपाडा आणि कडा इतके चिकटून दिसतात की घाटाचा वळसा घालून जायचं सुचतच नाही. वाचकांनाही सुचणार नाही! आणि ती धरणाची भिंत, एका बाजूला पिंपळगाव जोग्याचं पाणी आणि रात्री एकच हेडलाइट पुढे सरकणारा. तो कोणालातरी दिसलेला असणार. साक्षीदार मिळाला मला.

मृगनक्षत्र:
मी फिजिक्स शिकवते, ट्रेक फार नाही केले, पण एक सुचवू का? कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य दिसतं, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते बघितल्याची जुनी नोंद आहे. त्यासाठी सूर्य पाठीमागे हवा आणि समोर खाली धुकं. कडा पश्चिमेकडे बघतो, म्हणजे कड्याच्या टोकाशी उभं राहून ते सकाळीच दिसणार, संध्याकाळी सूर्य समोर असतो. तुमच्यातल्या एकाने जबानीत ‘सूर्यास्ताला कड्यावर इंद्रवज्र बघत होतो’ असं सांगितलं तर तो खोटं बोलतोय हे गोल इंद्रधनुष्याचं शास्त्र माहीत असलेला वाचक पकडू शकेल. पुरावा सगळ्यांसमोर आणि तरी लपलेला. मला असे क्लू फार आवडतात.

पाचनईकर:
ताई मी गडाच्या पायथ्याच्या पाचनईचाच, लहानपणापासून गडावर जातोय. एक सांगतो, तुमच्या माणसानं काही हलकं कड्यावरून खाली फेकलं असं लिहू नका. खालून वारं असं येतं की टोपी, रुमाल, कागद टाकला तर परत वर येतो, कधी कधी डोक्यावरून मागं जाऊन पडतो. आम्ही पोरं असताना गवताच्या काड्या टाकून खेळायचो, कड्यापासून दहा पावलं मागं सापडायच्या. आणि रात्री गडावर अनोळखी माणूस आला की कुत्री गप राहत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

दवबिंदू:
पाचनईकर दादा, अंगावर काटा आला वाचून. माझ्या नवव्या प्रकरणात त्याने चिठ्ठी फाडून कड्यावरून फेकलीये! म्हणजे तुकडे गवतात मागे पडलेले असणार आणि त्याला अंधारात, धुक्यात कळलेलंच नाही. पूर्ण प्रकरण नव्याने लिहायला बसते.

मृगनक्षत्र, तुमचा क्लू घेतेय, पुस्तकात आभार मानणार आहे, चालेल ना? आणि कुत्री न भुंकणं हा रहस्यकथांतला फार जुना क्लू आहे, म्हणून माझ्यात ती भुंकतील, फक्त ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटेल की बिबट्याला भुंकतायत.

शुक्रवारी रात्री निघतेय, शनिवारी पहाटे धरणाची भिंत अंधारात चालून बघायची आहे. खिरेश्वरात गावातून भिंत नीट दिसेल अशी ओळखीची ओटी किंवा अंगण कोणाकडे आहे का? हेडलाइट किती वेळ दिसतो ते घड्याळ लावून मोजायचंय.

कातळवेडा:
मी येतो बाईक घेऊन. तुम्ही ओट्यावर बसा, मी भिंतीवरून दोन फेऱ्या मारतो.