मे महिन्याच्या उकाड्यात क्राफ्ट बिअरच्या नोंदी बिघडतात, काय चुकतंय?

मुठाकाठ

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी पाच जणांत सहा क्राफ्ट बिअर चाखून नीट नोंदी लिहायच्या आहेत. कोल्श, हेफेवाइझन, विटबिअर, कोकम घातलेली गोझ, आयपीए (इंडिया पेल एल) आणि स्टाउट. यातल्या पहिल्या दोन बिअर पबमधून ग्राउलरमध्ये (नळावरून बिअर भरून न्यायच्या झाकणाच्या मोठ्या बाटलीत) आणणार, बाकीच्या कॅन आणि बाटल्या.

अडचण अशी की डिसेंबरात ज्या नोंदी एकमेकांशी जुळतात त्या मे महिन्यात जुळत नाहीत. हेफेवाइझन पबमध्ये घेतली तर केळं आणि लवंग स्वच्छ कळते. तीच ग्राउलरमधून घरी आणून दुसऱ्या दिवशी उघडली की पहिला ग्लास पाणचट, शेवटचा गढूळ आणि वासाला ओल्या पुठ्ठ्याची झाक. हा दोष बनवणाऱ्याच्या नावावर लिहायचा की उन्हाच्या? तापमान, क्रम, गुण, सगळंच सविस्तर सांगा.

हॉप_आणि_हळद

आधी ग्लासकडे बघा. सगळे बिअर फ्रीजमध्ये ठेवतात आणि ग्लास मात्र ३५ अंशांच्या खोलीत ओट्यावर. १५० ग्रॅम वजनाच्या काचेच्या ग्लासात ५ अंशांची १०० मिली बिअर ओतली, तर दोघांचं तापमान एक होईपर्यंत बिअर हिशेबाने १२ अंशांच्या आसपास जाते. पूर्ण ग्लास भरला तर हा फरक जाणवत नाही, कारण बिअर जास्त आणि काच तेवढीच. चाखायला थोडी थोडी ओततो तेव्हाच तो छळतो. वर गरम काचेला लागून वायू भसकन सुटतो, फेस उतू जातो आणि खाली मंद, बसकी बिअर उरते. मग वहीत लिहिलं जातं: ‘बुडबुडे कमी.’

उपाय सोपा आहे. ओतायच्या अगदी आधी ग्लास गार पाण्याने विसळा आणि उपडा धरून झटका. पुसू नका, फडक्याचे धागे चिकटतात आणि फडक्याचा वासही लागतो. ग्लास फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. आत बर्फाची बुरशी धरते, तिच्यावर बिअर पडली की फेसच फेस होतो, आणि तो बर्फ वितळला की बिअर तेवढी पातळ.

ओतताना कोल्श ५ अंशांवर, हेफेवाइझन, विटबिअर आणि गोझ ६ ते ८ वर, आयपीए ८ ते १० आणि स्टाउट १० ते १२ वर असावी. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर पुरतो. पंख्याखाली बिअर मिनिटाला साधारण अर्धा ते एक अंश चढते, म्हणजे एका बिअरला दहा मिनिटं पुष्कळ झाली. वासाची पहिली नोंद ओतल्याबरोबर घ्या, दुसरी पाच मिनिटांनी. थंडीत दबलेला दोष दुसऱ्या वेळी वर येतो. लोण्यासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास ५ अंशांवर लपतो, १२ वर लपत नाही.

बाटली तातडीने गार करायची असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. ३३० मिलीची बाटली १५ ते २० मिनिटांत तयार होते. नुसत्या बर्फात खोचली तर वेळ लागतो, कारण काचेला सगळीकडून टेकतं ते पाणी.

देशावरचा

ग्राउलरबद्दल लिहितो, तुमचा खरा घोटाळा तिथे आहे.

पाणचट आणि गढूळ ही तक्रार बनवणाऱ्याच्या नावावर लिहू नका. हेफेवाइझन गाळलेली नसते. रात्रभर फ्रीजमध्ये ग्राउलर उभा राहिला की यीस्ट आणि गव्हाची प्रथिनं तळाशी बसतात. वरची बिअर निवळ आणि पोकळ लागते, तळाची दाट आणि पिठूळ. उघडण्याआधी ग्राउलर आडवा धरून हलक्या हाताने दोन-तीनदा लोळवा, हलवू नका. मग पाचही ग्लास थोडे थोडे करून फिरवून भरा. एक पूर्ण, मग दुसरा पूर्ण, असं केलंत तर पाच जण पाच वेगळ्या बिअर पिऊन एकमेकांशी वाद घालत बसतील.

पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर हवा लागून शिळी झाली, आणि उष्णतेने ते काम भराभर होतं. बिअरवाल्यांत ३-३०-३०० असा आडाखा चालतो: सुमारे ३२ अंशांत ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढं २२ अंशांत ३० दिवसांत आणि ३ अंशांत ३०० दिवसांत होतं. हा आडाखा नीट बंद केलेल्या बिअरचा. नळाखाली धरून वरून धो धो भरलेल्या ग्राउलरमध्ये हवा आधीच भरपूर शिरलेली असते, त्यामुळे त्याला एवढीही सवलत नाही. उन्हात उभ्या गाडीत तो तासभर राहिला तर केळ्याचा वास आधी मावळतो आणि मग पुठ्ठा डोकावतो.

म्हणून भरून घेताना तीन गोष्टींचा आग्रह धरा. ग्राउलर आधी गार पाण्याने विसळलेला असावा. शक्य असेल तर आत कार्बन डायऑक्साइड सोडून घ्यावा. नळाला रबरी नळी लावून ती तळापर्यंत जावी, म्हणजे बिअर खालून वर चढते. झाकण फेस वर आल्यावरच लावायचं, खाली हवेचा कप्पा ठेवून नाही. तरीही काठोकाठ भरू नका. उन्हात आतला दाब वाढतो आणि काच फुटू शकते. मानेपाशी दोन बोटं जागा असू द्या, ती फेसाने भरलेली.

घरी येताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घेऊनच या. न उघडलेला ग्राउलर दोन दिवसांत संपवा, उघडलेला त्याच रात्री. तुमच्या बेतात शुक्रवारऐवजी शनिवारी दुपारी भरून आणा, निम्मं काम तिथेच होईल.

आणि बिअर गच्चीवर मांडू नका. हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू घटकांवर ऊन पडलं की काही मिनिटांत कुजकट, रबर जळल्यासारखा वास येतो. तपकिरी बाटली बराच काळ वाचवते, हिरवी आणि पांढरी वाचवत नाही. ग्लासात तर कुठलीच बिअर वाचत नाही.

रत्नांग्रीकर

क्रमाचं सांगतो. कोल्श, विटबिअर, हेफेवाइझन, गोझ, स्टाउट आणि शेवटी आयपीए. बहुतेक जण स्टाउट शेवटी ठेवतात कारण ती काळी असते. रंगावर जाऊ नका. आयपीएचा कडवटपणा जिभेवर ठाण मांडतो, त्यानंतर स्टाउटमधला कॉफी-कोकोचा भाग नुसता जळकट लागतो. तुमची स्टाउट ८ टक्क्यांच्या वर असेल तरच तिला शेवटी न्या.

गोझनंतर पाच मिनिटं थांबा. आंबट आणि खारट यांच्यामागून येणारी प्रत्येक गोष्ट गोड लागते. मध्ये साधं पाणी आणि पावाचा पांढरा भाग, बस्स. चुरमुरे खारे असतात, फरसाण तर नकोच. वाळा घातलेलं माठातलं पाणी एरवी अमृत, पण इथे चालत नाही. कूलरमधल्या वाळ्याच्या जाळ्यांचंही तसंच: त्या ओल्या मातकट वासात विटबिअरचा वास कळणार नाही. कूलर बंद, पंखा एकवर, आणि प्रत्येक ग्लासावर छोटी बशी झाका. बशी काढली की लगेच हुंगायचं. पंख्याखाली उघड्या ग्लासातला वास तोंडाशी येईपर्यंत उडून गेलेला असतो.

आमरसाचं जेवण असेल तर तीन तासांचं अंतर ठेवा. बडीशेप, पान, अत्तर, डिओ काही नको.

कोकम गोझबद्दल थोडं. गोझ ही जर्मनीतल्या गोस्लार-लाइपझिग भागातली, धने आणि मीठ घातलेली आंबट गव्हाची बिअर. कोकम तिला शोभतं, पण आंबटपणा दोन प्रकारचा होतो हे ओळखा. लॅक्टोबॅसिलस या आंबवणाऱ्या जिवाणूंचा आंबटपणा ताकासारखा, गोलसर आणि जिभेभर. कोकमाचा तुरट, हिरड्या आवळणारा, गिळल्यावर जाणवणारा. दुसरा वरचढ झाला तर ते सोडा घातलेलं आगळ झालं. मीठ वेगळं लागू नये, पुढचा घोट घ्यावासा वाटला की प्रमाण बरोबर.

ग्लासभर

गुणांसाठी बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची पद्धत घ्या: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. रूपाला फक्त ३ आहेत हे लक्षात ठेवा. सुंदर फेसाच्या बिअरला आपण नकळत चवीचेही गुण देऊन बसतो. आणि उन्हाळ्यात ग्लासाला बाहेरून घाम येतो, तो पुसल्याशिवाय ‘धूसर’ लिहू नका.

शब्दांच्या बाबतीत माझा आग्रह आहे की ‘मस्त’, ‘फ्रेश’, ‘रिफ्रेशिंग’ हे तीन शब्द वहीतून हद्दपार करा. ३८ अंशांत कुठलंही गार पेय रिफ्रेशिंग असतं. वास कशासारखा ते लिहा आणि तो कुठून आला तेही लिहा. पुण्यात २००९ साली डूलाली ही स्वतःची बिअर बनवणारी पब सुरू झाली, तेव्हापासून गव्हाची बिअर आपल्या ओळखीची झाली, पण हेफेवाइझन आणि विटबिअर आजही एकाच मापाने मोजतात. हेफेवाइझनमधलं केळं आणि लवंग दोन्ही यीस्टची करणी, त्यात ना केळं पडतं ना लवंग. विटबिअरमधले धने आणि संत्र्याची साल मात्र खरोखर उकळत्या पातेल्यात टाकलेली असतात. म्हणून हेफेवाइझनमध्ये लवंग नसेल तर यीस्ट किंवा आंबवण्याचं तापमान याबद्दल लिहा. विटबिअरमध्ये धने साबणासारखे लागले तर ते जास्त पडले किंवा शिळे होते असं लिहा.

नमुना म्हणून हेफेवाइझनची एक नोंद: ‘७ अंश. पिकलेलं केळं पुढे, लवंग मागे, तळाशी ब्रेडची कड. १२ अंशांवर केळं वाढलं, लवंग गेली. कडवटपणा नावाला. शेवट किंचित आंबूस, कोरडा. ग्राउलर, भरून ४ तास.’ ही शेवटची ओळ प्रत्येक नोंदीत हवीच. कॅन असेल तर भरल्याची तारीख आणि विकत घेतला तेव्हा दुकानात तो फ्रीजमध्ये होता की मांडणीवर, तेही. हे नसेल तर परीक्षण बिअरचं झालं की तिच्या प्रवासाचं, वाचणाऱ्याला कळत नाही.

सहा बिअर प्रत्येकी १०० मिली म्हणजे माणशी ६०० मिली, ५ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल. उकाड्यात पाणी तेवढंच प्या, आणि घरी जाताना गाडी कोणीही चालवायची नाही.

मुठाकाठ

शनिवारी दुपारी भरून आणतो, नळी आणि थर्माकोलचं खोकं दोन्ही ठरलं. एक शंका: ग्राउलरने बिअर खरंच बदलली की आमचा भास, हे तपासता येईल का?

देशावरचा

येईल. त्याच बिअरचा पबचा कॅन मिळत असेल तर प्रत्येकासाठी तीन ग्लास भरा, दोनांत एक (ग्राउलरची किंवा कॅनची) आणि तिसऱ्यात दुसरी, दोन्ही एकाच तापमानाला. भरणाऱ्याने चाखायचं नाही. ग्लासांवर १, २, ३ न लिहिता ४१७, २६२ असे आकडे टाका, कारण ‘१’ दिसला की तो चांगला वाटतो. वेगळा ग्लास कोणता एवढंच विचारा, आवडता कोणता ते नको. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणून फरक खरा म्हणायला, सहा चाखणारे असतील तर पाच जणांनी ओळखायला हवं. तुमच्यातला एक ओतण्यात जाईल, चारच उरतील आणि चौघांनीही ओळखावं लागेल, म्हणून दोन शेजारी बोलवा.