‘मोशनचं सगळं बंद करा’ हा एकच सल्ला सगळ्यांना का देता?

सांजवेळ (धागाकर्ता)

परवा इथेच ‘तिसरी घंटा’ यांनी लिहिलं, "मोठ्या टीव्हीवर चित्र फरफटतं म्हणणाऱ्यांनी मेनूत जाऊन मोशनची सगळी सेटिंगं बंद करावीत. दुसरा उपाय नाही. स्मूदिंग चालू ठेवणाऱ्याने सिनेमा बघूच नये." (स्मूदिंग म्हणजे टीव्हीने मधल्या फ्रेम्स स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करणं.) खाली भरपूर अनुमोदनं आली, त्यात एक माझंही होतं. त्याचा मला पश्चात्ताप होतोय, म्हणून हे सविस्तर.

जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा दिवाळीत आम्ही ३२ इंची काढून ६५ इंची घेतला. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल होती. बहीण, भाची, शेजारचे काका-काकू सगळे आमच्याकडे जमले. सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला, तेवढ्या वेळात मी हा सल्ला मानून मोशनचं सगळं शून्यावर आणलं. कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळला की प्रेक्षक, फलक, गवत, सगळ्याचा चिखल. वर चित्र सारखं बारीक ठेचकाळत होतं. दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत तो शेवटचा झेल घेतला. घरात सगळे उड्या मारतायत आणि भाची मला विचारते, "मामा, बॉल कुठून आला?" तो क्षण पुन्हा येणार नाही. मला अजून वाईट वाटतं.

नंतर चार रात्री बसून शोधलं. आमच्याकडे दोन वेगळी दुखणी होती. ठेचकाळणं टीव्हीचं नव्हतंच. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला ५० फ्रेम्सचं आणि मागे लावलेली स्ट्रीमिंग स्टिक सगळं ६० करून पाठवत होती. म्हणजे दर पाच फ्रेम्समागे एक फ्रेम दोनदा, सेकंदाला दहा ठेचा. स्टिकच्या मेनूत मूळ फ्रेम रेट जुळवण्याची सोय होती, ती चालू केल्यावर ठेचा गेल्या.

राहिला ब्लर, म्हणजे हलत्या चित्राचा धूसरपणा. ६५ इंची पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद. सीमारेषेवरचा फलक दोन सेकंदांत या टोकाचा त्या टोकाला गेला, तर प्रत्येक फ्रेमला तो जवळजवळ दीड सेंटिमीटर सरकतो. पॅनेल ती फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवतं, पण आपला डोळा फलकामागे सरकतच राहतो. तो दीड सेंटिमीटर डोळ्यात फासला जातो. ३२ इंचीवर तेच सात मिलिमीटर होतं, म्हणून कधी जाणवलं नाही. आमचं पॅनेल १२० चं आहे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतं. स्मूदिंगचे दोन भाग असतात: डीब्लर ५०-६० फ्रेम्सच्या चित्राचा धूसरपणा कमी करतं, डीजडर सिनेमाचे धक्के. डीब्लर निम्म्यावर, डीजडर शून्यावर ठेवल्यावर फलकावरची अक्षरं वाचता येऊ लागली.

म्हणजे ‘सगळं बंद करा’ या सल्ल्याने माझा ब्लर वाढला. सिनेमावरचा उपाय क्रिकेटला सांगू नका, एवढीच विनंती.

तिसरी घंटा

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. मी सिनेमाबद्दल लिहिलं होतं. २४ फ्रेम्सच्या सिनेमात कॅमेऱ्याचं शटर बहुधा १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्या वेळातली हालचाल चित्रातच उतरते, ती कुठल्याही टीव्हीला पुसता येत नाही. टीव्ही मधल्या खोट्या फ्रेम्स स्वतः रचतो, आणि धावणाऱ्या माणसाच्या पायाभोवती हवा उकळल्यासारखी दिसते. कोणी त्याला मोशनफ्लो म्हणतं, कोणी ट्रूमोशन, कोणी ऑटो मोशन प्लस. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं. २०१९ मध्ये टीव्हीत स्मूदिंग बंद ठेवणारा फिल्ममेकर मोड आला तो याचसाठी. ही माझ्या एकट्याची सनक नाही.

आणि तुम्ही महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी सेटिंगं बदललीत, त्याचं खापर माझ्यावर का?

सांजवेळ

तुमचं वाक्य वर जसंच्या तसं दिलंय. "मोठ्या टीव्हीवर चित्र फरफटतं म्हणणाऱ्यांनी." त्यात सिनेमा नंतर आला.

सोल्डरिंग

बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, म्हणून दोन शब्द. गिऱ्हाईक खोक्यावरचा ‘मोशन १२०’ वाचून येतं आणि आत पॅनेल ६० चं निघतं. तो आकडा पॅनेलचा नसतो, जाहिरातीचा असतो. घेण्याआधी नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पॅनेल स्वतः सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते विचारा, आणि दुकानदार गप्प झाला तर ६० समजा. दुसरं, घरी बसवायला येणारी पोरं टीव्ही दुकान मोडमध्येच सोडून जातात. ब्राइटनेस पूर्ण, शार्पनेस पूर्ण, नॉइज रिडक्शन पूर्ण. हे नॉइज रिडक्शन आधीची फ्रेम नंतरच्या फ्रेममध्ये मिसळतं, माणूस हलला की चेहरा मेणासारखा होतो. लोक त्यालाच मोशन ब्लर म्हणतात.

तिसरं, व्हीए जातीच्या एलसीडी पॅनेलवर काळ्यातून करड्याकडे जायला वेळ लागतो. रात्रीच्या प्रसंगात काळे केस हलले की मागे सावली राहते. ती कुठल्याच सेटिंगने पूर्ण जात नाही. माझ्याकडे घेऊन येऊ नका, मी काही करू शकत नाही.

जुना डबा

हे सगळं ऐकून आमचा काचेच्या पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, आमचा डबा आठवतो. त्याचा ठिपका क्षणभर पेटायचा आणि विझायचा. चित्र धरून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे चेंडूला शेपूट नव्हतं. लाखभर रुपये घालून लोकांनी विकत घेतलेली ही अडचण आहे. आणि ओलेड घेतला म्हणजे सुटलो असं समजू नका. तोही फ्रेम धरूनच ठेवतो. उलट त्याचा पिक्सेल इतक्या चटकन बदलतो की २४ फ्रेम्सच्या सिनेमातले धक्के जास्त दिसतात.

ओवी

डब्यासारखं करायचं म्हणून टीव्हीत मधे मधे काळी फ्रेम टाकायची सोय असते. कुठे ‘क्लिअर मोशन’ म्हणतात, कुठे ‘ओलेड मोशन’. भावाने आईकडच्या टीव्हीवर ती चालू केली आणि पुण्याला निघून गेला. आईला अर्धशिशी आहे, वय ७४. आठवडाभर ती संध्याकाळी सातला डोकं धरून आत जाऊन पडायची. आम्ही डॉक्टर केले, चष्म्याचा नंबर तपासला. शेवटी माझ्याच डोळ्यांना कडेने चित्र लुकलुकताना दिसलं. ५० वर ती काळी फ्रेम स्पष्ट जाणवते. बंद केलं, तिचं डोकं थांबलं.

दुसऱ्याच्या घरातल्या टीव्हीला हात लावून निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. रोज समोर कोण बसतं, ते आधी विचारा.

एडिसनकर

आमच्याकडे न्यू जर्सीत उलटं दुखणं. इथलं सगळं ६० चं. फुटबॉल लोण्यासारखं दिसतं आणि भारतातला सामना लावला की ५० चं ६० केलेलं येतं. ठेचा आधीच चित्रात भरलेल्या असतात, त्यामुळे फ्रेम रेट जुळवूनही उपयोग नाही. तिथे मी स्मूदिंग चालू ठेवतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

तिसरी घंटा, तुमच्याकडच्या चॅनेलवर सिनेमा कुठे २४ ने दिसतो? ५० च्या देशांत तो २५ ने पळवायची जुनी रीत आहे. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. मूळ रूप जपायचं तर आधी त्याबद्दल बोला.

काळी दोन

थांबा. २५ ने पळवतात म्हणजे आवाजही चढतो का?

एडिसनकर

नुसतं पळवलं तर चढणारच. चार टक्के. आता डिजिटलमध्ये सूर खाली आणता येतो, पण पूर्वी तसाच जायचा.

काळी दोन

विषय सोडून लिहितोय, पण राहवत नाही. चार टक्के म्हणजे पेटीच्या एका पट्टीतलं जवळजवळ पाऊण अंतर. ना या पट्टीत, ना पुढच्या.

आमचे बाबा शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमाला दूरदर्शनसमोर पेटी घेऊन बसायचे. रेकॉर्डवरून बसवलेलं गाणं टीव्हीबरोबर वाजवायला जायचे आणि दर वेळी पेटी उतरलेली लागायची. दोनदा पेटीवाला बोलावला. त्याने तपासून सांगितलं, सूर बरोबर आहेत. बाबांचा विश्वास बसला नाही. पन्नाशीनंतर ते म्हणायला लागले, माझा कान गेला. हळूहळू वाजवणंच बंद केलं. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. त्यांना हे कोणी सांगितलं असतं तर?

जुना डबा

भावना समजल्या, पण निष्कर्ष घाईचा आहे. त्या काळी रेकॉर्ड प्लेअरचे पट्टे सैल असायचे, रेकॉर्डच खाली वाजायची. शिवाय सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं पुष्कळदा वेगळं ध्वनिमुद्रित व्हायचं. टीव्हीला कशाला दोष? वयाने कानही बदलतो.

काळी दोन

माझ्या वडिलांच्या कानाबद्दल बोलू नका. तुम्ही त्यांना ऐकलं नाहीत. पंख्याची घरघर कुठल्या सुरात आहे ते सांगणारा माणूस होता तो.

जुना डबा

मी सर्वसाधारण बोललो. धाग्याचा विषय टीव्हीचं चित्र आहे, तुमच्या घरची पेटी नाही.

ओवी

जुना डबा, हे बोलणं बरोबर नाही. वडिलांची आठवण सांगणाऱ्याशी असं बोलतात का?

सोल्डरिंग

पट्ट्याचा मुद्दा खरा आहे, मी शेकड्याने बदललेत. पण पट्टा सैल झाला की सूर हलतो, थरथरतो. दर आठवड्याला नेमका तेवढाच फरक पडत असेल तर तो पट्टा नव्हे.

एडिसनकर

भांडण्यापेक्षा मोजा. एकच गाणं, तीच ओळ ते तीच ओळ, दोन्हीकडे घड्याळ लावा. रेकॉर्डवर ७५ सेकंद लागत असतील तर टीव्हीवर ७२ यायला हवीत.

तिसरी घंटा

हे मला आधी कोणी लक्षात आणून दिलं नव्हतं, हे मान्य करतो. मी पंचवीस वर्षं चॅनेलवर पाहिलेले सिनेमे मूळ गतीचे समजत होतो. तरी स्मूदिंगबद्दल माझं मत तेच आहे. एक बिघाड जुना आहे म्हणून दुसरा चालवून घ्यायचा नसतो.

सांजवेळ

तिसरी घंटा, क्रिकेटबद्दल काय? त्यावर अजून उत्तर नाही.

तिसरी घंटा

१२० चं पॅनेल असेल, स्टिक बरोबर फ्रेम रेट देत असेल, तर सामन्यापुरतं डीब्लर ठेवा. सिनेमा लावताना बंद करा. माझ्या वाक्यात ‘सगळं’ नको होतं. पण तुमच्या निम्म्यावरच्या डीब्लरनेही चेंडू कधी कधी तुटतो, तेही खाली लिहा. लोक तुमचाही आकडा डोळे मिटून लावतील.

सांजवेळ

तुटतो. फलंदाजाच्या पॅडसमोरून जाताना एखादी फ्रेम नाहीसा होतो. म्हणून मी पाचावरून तीनवर आणलाय. लिहायला हवं होतं, चूक माझी.

काळी दोन

आज सुट्टी टाकून मोजलं. काकांनी दूरदर्शनवरून टेप केलेली व्हीएचएस होती, रेकॉर्ड घरचीच. मुखड्याच्या पहिल्या अक्षरापासून पहिला अंतरा संपेपर्यंत, तीनदा घड्याळ लावलं. रेकॉर्डवर ७४ ते ७५ सेकंद, टेपवर ७१ आणि काही. वाद्यमेळ, तबल्याचे हरकतीचे तुकडे सगळे तेच, म्हणजे ध्वनिमुद्रणही तेच. माळ्यावरून पेटी काढली. भाता फाटलाय, पण पांढरी एक अजून लागते. रेकॉर्डशी जुळली. टेपशी नाही.

आईला सांगितलं. ती बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसली होती.

जुना डबा

आकडे बघता तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय. कानाबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेतो. भाता मिरजेत चांगला बसवून मिळतो, हवं तर कारागिराचा पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.

काळी दोन

द्या.

ओवी

मूळ विषयावर येऊ का? आईचा टीव्ही ५५ इंची आहे. सोल्डरिंग म्हणतात तसं शोधलं, पॅनेल ६० चं निघालं. डीब्लर आहे मेनूत, पण शून्य ते दहा कितीही केलं तरी सामन्यात काडीचा फरक दिसत नाही. बिघाड आहे का? आणि तिच्या मालिका तर बसूनसुद्धा धूसर दिसतात, कोणी हलत नसलं तरी.

सोल्डरिंग

बिघाड नाही. चित्र ५० चं, पॅनेल ६० चं. मधे जास्तीच्या फ्रेम्स दाखवायला जागाच नाही, मग डीब्लर काय करणार? ते सोडून द्या. मालिकांचं वेगळं. केबलवाल्याला विचारा, ते चॅनेल बहुतेक साधं आहे, एचडी नाही. ७२० गुणिले ५७६ चं चित्र फोरके पडद्यावर ताणलं की एका ठिपक्याचे वीस होतात. नॉइज रिडक्शन कमीवर ठेवा, शार्पनेस निम्म्याखाली आणा, आणि रोज बघायच्या दोन-तीन चॅनेलपुरतं एचडी घ्या. आईंची खुर्ची किती अंतरावर आहे?

ओवी

सहा फूट. मागे भिंत आहे, सरकत नाही. दोन चॅनेलचं एचडी आजच करून घेते.