हिरवं दिसतंय म्हणून जंगल ठणठणीत?

‘उपग्रहाच्या फोटोत बेट हिरवंगार दिसत असेल तर जंगलात पायी फिरून झाडांची मोजणी कशाला?’ असा प्रश्न इथे कोणीतरी विचारलाय. हवाईचं उदाहरण बघा. तिथल्या मूळ जंगलाचा कणा म्हणजे ओहिया हे झाड. सेराटोसिस्टिस बुरशी खोडात शिरली तरी झाड कित्येक महिने धडधाकट दिसतं आणि मग काही आठवड्यांत सगळी पानं तपकिरी पडतात. २०१४ मध्ये ही बुरशी ओळखली गेली, तोवर हवाईच्या पुना भागात बरीच झाडं मेली होती. हेलिकॉप्टरमधून वाळलेले शेंडे टिपतात, पण झाड बुरशीनेच मेलं की आणखी कशाने, हे कळायला खाली उतरावंच लागतं. साल काढून आतल्या लाकडात काळपट डाग आहेत का बघायचं, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. आणि कुऱ्हाड, बूट अल्कोहोलने नीट पुसायचे, नाहीतर पाहणी करणारेच रोग पसरवायचे.

शिवाय ब्राझीलकडचा स्ट्रॉबेरी पेरू आहेच. ओहियाखाली तो इतका दाट माजतो की मूळ झाडांची रोपं तगतच नाहीत. वरून मात्र सगळं हिरवंच! म्हणून पायी मोजणीत खोडांच्या घेराइतकीच खालच्या रोपांची नोंद मला महत्त्वाची वाटते. अंदमानात कोणी असं काम केलं असेल तर रोपं किती मोठ्या चौकोनात मोजता, ते जरूर लिहा.