मदत हवी आहे: जुन्या जीपला कोणतं इंजिन बसवू?

पुळणकाठ
जीपच्या इंजिनात दम उरलेला नाही. बोटीची ट्रॉली पुळणीवरून वर घेताना अर्ध्यात अडकते, कलमांच्या बागेची वाट पावसात चढत नाही. बोलेरोचं डीआय टर्बो टाकू की स्कॉर्पिओचं एमहॉक? १ जूनला मासेमारीबंदी लागेल, त्याआधी बोट वर घ्यायची आहे. लवकर सांगा.

चिपळूण_डिझेल
कोणती जीप? आत्ता कोणतं इंजिन आहे? गिअरबॉक्स ४ गिअरचा की ५? बोट-ट्रॉलीचं वजन किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

घाटवाट
डोळे मिटून एमहॉक घाला. २१७९ सीसी, कॉमन रेल (म्हणजे डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणारं). माझ्या मित्राची गाडी आता आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर चढते.

चिपळूण_डिझेल
मित्र ट्रॉली घेऊन समुद्रात उतरतो का? एमहॉकसोबत ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक), सेन्सर, अख्खं वायरिंग येतं. खाऱ्या पाण्यात कनेक्टर हिरवे पडले की गाडी पुळणीवरच उभी. यांना साधं डीआय बरं: २५२३ सीसी, इंजिन हळू फिरत असतानाच ओढ, आणि तालुक्याच्या मिस्त्रीलाही खोलता येतं.

घाटवाट
कनेक्टरना ग्रीस लावता येतं. डीआय घेऊन हायवेवर ट्रकच्या मागे रांगायचं का?

चिपळूण_डिझेल
हायवेबद्दल त्यांनी विचारलेलंच नाही.

आजगावकर७
अरे बाबा, इंजिनाच्या आधी चासी, गाडीचो सांगाडो बघ. खाऱ्या पाण्यान कुजलेली आसतली.

बागायतदार_रत्नागिरी
बागेच्या वाटेसाठी छोटा ट्रॅक्टर घ्या. मी घेतला, फवारणीचा पंपही त्यावरच चालतो.

पुळणकाठ
ट्रॅक्टर नको, घरची माणसंही याच गाडीने जातात. महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, इंजिन मूळचं प्युजोचं, ४ गिअर. बोट-ट्रॉली मिळून टनभर असेल. आता सांगा, डीआय की एमहॉक?

आरटीओ_फेऱ्या
कागदांचं कोणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवा इंजिन नंबर. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल अंगाशी येतो. १५ वर्षांपुढची गाडी दर ५ वर्षांनी तपासणीला जाते, नंबर जुळला नाही तर तिथेच अडकेल. आणि अपघात झाला तर विम्यावाले हेच कारण पुढे करतील. एमहॉकपायी हा घोळ ओढवून घेऊ नका.

चिपळूण_डिझेल
बरोबर. अजून एक: धूर कसला येतो? निळा असेल तर ऑईल जळतंय, पिस्टनच्या रिंगा-लायनर गेले. काळा असेल तर एअर फिल्टर, डिझेल फवारणारे नोझल, डिझेलचा पंप बघा. तेवढ्यानेही ताकद परत येते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय इंजिन उतरवू नका. आणि चढताना लो रेंज (वेग कमी, ओढ जास्त देणारा वेगळा दांडा) टाकता ना?

पुळणकाठ
धूर काळा, चढावर जास्त. लो रेंजचा दांडा बरेच दिवस अडकलाय, म्हणून हाय रेंजवरच ओढतो.

चिपळूण_डिझेल
अहो दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं! टनभर बोट हाय रेंजवर मऊ वाळूतून कशी निघेल? आधी ट्रान्सफर केसचं (लो-हाय रेंज बदलणाऱ्या पेटीचं) लिंकेज, म्हणजे दांड्याची जोडणी, सोडवा, नोझल काढून तपासायला द्या. इंजिनाचं पावसाळ्यानंतर बघू. ब्रेकचे ड्रमही उघडा, खारं पाणी आत बसलेलं असेल.

घाटवाट
पावसाळ्यानंतर एमहॉकच घ्या, माझं मत तेच.

पुळणकाठ
लिंकेज उद्या खोलतो. सावंतवाडीकडे नोझल तपासणारा कोणी खात्रीचा आहे का?