संकट सर्वांवर येते, मग सावरताना तीच माणसे मागे का राहतात?

खाडीकाठ (दापोली)
२०२० साली मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने आमच्याकडील माडापोफळींच्या बागा आडव्या केल्या. बागायतदारांचे नुकसान मोठे होते, हे नाकारता येणार नाही. पण सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे त्यांच्या झाडांचा पंचनामा तरी झाला. त्याच बागेतील सुपारी सोलून रोजंदारी मिळवणाऱ्या बाईच्या नुकसानीचा पंचनामा कशाचा करणार? नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात आणि तोवर तिला त्या बागेत काम नाही. हा केवळ मदतीच्या नियमांतील दोष आहे, की प्रत्येक आर्थिक संकटात असेच घडते?

गिरणगावची नात (चिपळूण)
असेच घडते, असे माझे मत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी येणारी मनिऑर्डर थांबली. तरीही सगळे सारखे बुडाले नाहीत. कायम कामगाराच्या नावावर निदान भविष्यनिर्वाह निधी होता. रोज सकाळी फाटकावर उभे राहून काम मिळाले तर मिळाले, अशा बदली कामगाराला तेवढाही आधार नव्हता. त्याच्याही खाली होत्या खानावळवाल्या बाया, ज्या महिनाभर जेवू घालून पगाराला पैसे घेत. जेवणारे गावी निघून गेल्यावर वहीतली उधारी मागायची कोणाकडे? आणि इकडे, आमच्याच घरात, खर्चाला कात्री लावायची वेळ आली तेव्हा शाळा आत्याची सुटली, काकांची नव्हे.

हर्णैकर
बंदरावरचे सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा लिलावात बर्फ आणि टेम्पो घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला ओळखीवर माल उधार मिळत राहिला. एक-दोन टोपल्या घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या म्हाताऱ्या मासेवालीला ती पत नव्हती. तिची फेरी बंद पडली आणि त्या वाड्यांत टेम्पो फिरू लागला. पुढे सुट्टे पैसे आले, पण तुटलेले गिऱ्हाईक परत जोडता आले नाही. तिचे खरे भांडवल तेच होते.

माळरान (पेण)
वरील तिन्ही उदाहरणे पटतात, मात्र ‘मागे राहणे’ हा शब्दप्रयोग कातकऱ्यांना लागू पडत नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते म्हणून मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर ती फेडायला जायचे, हे त्यांचे वर्षाचे चक्र आहे. भट्टी मध्येच बंद पडली तर मजुरी थांबते. उचल माफ होत नाही, ती पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे, पण भट्टीवर हिशेबाची वही मुकादमाकडेच असते. मंदी या कुटुंबांना व्यवस्थेबाहेर फेकत नाही, आणखी वाईट अटींवर आत बांधून ठेवते.

खाडीकाठ (दापोली)
मग मदत मालमत्तेऐवजी श्रमाला जोडली पाहिजे, असे दिसते. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमीचे तत्त्व तेच होते: काम मागण्यासाठी सातबारा लागत नाही. आमच्या ग्रामपंचायतीत पडलेल्या बागांची सफाई आणि नवी लागवड या योजनेतून मजुरांना मिळवून देण्याचा प्रयत्न कोणी केला असल्यास कृपया लिहावे.