तेलटंचाईच्या तयारीचं निवेदन: नेमकं काय मागावं?

घाटवाट: डिझेल आटलं तर हातात काहीतरी असावं, म्हणून राज्य सरकारला निवेदन देतोय. ‘इलेक्ट्रिक बस आणा’ एवढ्यावर भागेल का?

डेपोकर: नाही भागणार. गाड्यांआधी वीजजोडणी मागा. १२ मीटरची बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. रोज २४० किमी धरा, ३०० युनिट. ५० गाड्यांना १५,०००. रात्रीच्या सहा तासांत भरायच्या तर २,५०० किलोवॅट, वर चार्जरची गळती. हा भार लघुदाबावर, म्हणजे घर-दुकानासारख्या कमी व्होल्टेजच्या जोडणीवर मिळत नाही. ११ केव्हीचा (११,००० व्होल्टचा) स्वतंत्र फीडर, म्हणजे उपकेंद्रातून थेट येणारी वाहिनी, आणि डेपोतच रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लागतं. गाड्या आधी नि जोडणी मागाहून आली की नव्या कोऱ्या बस आवारात धूळ खातात. घाटातला वापर मात्र कागदावरून धरू नका, भरल्या गाडीची चाचणी मागा.

पिंपभर: देशाचे आणीबाणीसाठीचे भूमिगत तेलसाठे बघा: विशाखापट्टणम, मंगळूर, पादूर मिळून साठवणक्षमता ५३.३ लाख टन. देशाला जेमतेम साडेनऊ दिवस, तेही टाक्या भरलेल्या असतील तर! शिवाय ते कच्चं तेल, शुद्धीकरणाशिवाय पंपावर येत नाही. डिझेलवाटपाचा क्रम आत्ताच लेखी ठरवून घ्या: रुग्णवाहिका, दूध, एसटी, मग बाकीचे.

घाटवाट: आणि मालवाहतूक?

रूळकरी: कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि ट्रक वाघिणीवर चढवून नेणारी कोलाड–वेर्णा रो-रो १९९९ पासून आहे. तिच्या फेऱ्या वाढवायला सांगा. मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे समोरच्या गाडीला वाट देताना गाड्या क्रॉसिंगला खोळंबतात. क्रॉसिंग स्थानकं वाढवण्याची मागणी सोबत जोडा. वरच्या तारांमुळे उंच लादलेला ट्रक चालत नाही.