कच्छच्या रणात भू-वेगाचा विक्रम करता येईल का? जाणकारांची मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यात अकरावीत शिकणारा माझा नातू जमिनीवरील वेगाच्या विक्रमावर प्रकल्प लिहीत असून त्याच्या एका प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो आहे.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन यांनी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात दोन जेट इंजिनांची ‘थ्रस्ट एसएससी’ ही गाडी ताशी सुमारे १,२२८ किलोमीटर वेगाने चालवून ध्वनीचा वेग ओलांडला. वाऱ्याचा लाभ गणला जाऊ नये म्हणून तासाभरात परस्परविरुद्ध दिशांनी दोन फेऱ्या करून सरासरी काढतात, एवढे मी त्याला समजावले. पुढे ‘ब्लडहाउंड’ या तशाच दुसऱ्या गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेतील हॅक्स्कीन पॅन हे कोरड्या तळ्याचे सपाट पात्र निवडले गेले, तेथे स्थानिकांनी हजारो टन दगड हातांनी वेचले आणि २०१९ मध्ये गाडीने ताशी १,०१० किलोमीटर गाठले.

नातवाचे म्हणणे असे की, आपले पांढरे रण तर आयतेच सपाट आहे, मग ते का चालू नये? (गुजराती अभिमान, दुसरे काय!) पावसाळ्यात तेथे पाणी भरते आणि नंतर मिठाच्या थराखाली चिखल राहतो, हे मी स्वतः पाय रुतवून अनुभवले आहे. तथापि, टायर नसलेल्या, भरीव ॲल्युमिनियमच्या चाकांचा कित्येक टनांचा भार पेलण्यास तो थर किती जाड व कोरडा असावा लागेल, आणि ते कसे मोजतात? भूगर्भशास्त्र किंवा स्थापत्य जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.